ट्यूबच्या बुडाशी असलेली निळी पट्टी

चिन्हमीमांसेवर, म्हणजे खुणांना अर्थ कसा येतो याच्या अभ्यासावर, लघुशोधप्रबंध घेऊ का, असं विचारणारी मुलं अधूनमधून भेटतात. घ्या, जरूर घ्या. पण माझं वर्ष कशात गेलं ते आधी ऐका.

वेष्टनांवरच्या खुणा लोक कशा वाचतात, हा माझा विषय. तो सुचला साताऱ्याच्या मावशीकडे. मी नवी टूथपेस्ट आणून दिली, तर तिने ट्यूब उलटी धरली, बुडाच्या चपट्या कडेवरच्या निळ्या पट्टीवर अंगठ्याचं नख टेकवलं आणि म्हणाली, "निळी आहे ना, मग चालेल. काळी असती तर तुला परत पाठवलं असतं." व्हॉट्सॲपवरचं ते कोष्टक तुमच्यापर्यंतही आलं असेल: हिरवी पट्टी म्हणजे नैसर्गिक, निळी म्हणजे नैसर्गिक आणि औषधी, लाल म्हणजे नैसर्गिक आणि रसायनं, काळी म्हणजे निव्वळ रसायनं. खरं तर ती पट्टी माणसांसाठी नसतेच. कारखान्यातल्या यंत्राचा सेन्सर ती ओळखतो आणि त्यावरून ट्यूब कुठे कापायची, कुठे बंद करायची हे ठरतं. पार्श्वभूमीवर उठून दिसेल असा रंग निवडायचा, एवढाच तिचा हिशेब.

हे कळल्यावर मला वाटलं, प्रबंध हातात आला. ३१ मुलाखती घेतल्या आणि प्रत्येकीपुढे 'बरोबर' किंवा 'चूक' लिहिलं. या अभ्यासाचा पाया घालणारे सोस्यूर आणि पर्स, चिन्हक म्हणजे खुणेचं रूप, चिन्हित म्हणजे तिने सुचवलेला अर्थ, सगळं सुरुवातीच्या प्रकरणात नीट मांडलं. मार्गदर्शकांनी 'छान' असा शेरा मारून प्रत परत दिली. तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या बाईंनी एकच प्रश्न विचारला: "लोक चुकले, ठीक आहे. पण हा अर्थ त्यांना सुचला कुठून?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. तिसरं प्रकरण पुन्हा लिहावं लागलं, सहा महिने गेले, आणि त्या दुपारची आठवण आजही मला बोचते.

म्हणून हा एक मुद्दा लांबवून सांगते. लोकांचा अर्थ चूक ठरवून तुम्ही थांबलात, तर तुमचं काम सुरूच झालेलं नसतं. मी पुन्हा त्याच घरांत गेले. "हे कशावरून ओळखता?" एवढंच विचारलं. एका काकूंनी काही न बोलता फळीवरचा बिस्किटाचा पुडा काढून पुढे ठेवला आणि हिरव्या चौकटीतल्या हिरव्या ठिपक्यावर बोट ठेवलं. तिथे मला उलगडा झाला. गेली कित्येक वर्षं आपण सगळे पुड्यांवर छोटी रंगीत खूण शोधायला शिकलो आहोत. खूण लहान असते, शेजारी खुलासा नसतो, आणि ती आतल्या मालाबद्दल खरं सांगते. ट्यूबवरची पट्टीही लहान, रंगीत आणि खुलाशाविना. शिकलेला नियम लोकांनी शेजारच्या वस्तूला लावला. मावशी भोळी नव्हती, ती नियमाने वाचत होती.

आणि त्या ठिपक्यातला हिरवा म्हणजे निसर्ग नव्हे. तो फक्त 'तपकिरी नाही' एवढं सांगतो. दुधातुपाला हिरवा, अंड्याला तपकिरी; ही विभागणी नियमाने ठरलेली आहे. पुढे मांसाहाराच्या गोलाच्या जागी त्रिकोण आला, कारण रंग ओळखू न येणाऱ्यांना निदान आकारावरून कळावं. चिन्हाचा अर्थ शेजारच्या चिन्हाशी असलेल्या फरकातून येतो, हे सोस्यूरचं वाक्य मी पाठ केलं होतं. कळलं ते त्या फळीपुढे.

'लाल म्हणजे धोका, पांढरा म्हणजे शांती' छापाचे इंटरनेटवरचे तक्ते आजच काढून टाका. लाल रंग कुंकवात असतो आणि गॅसच्या सिलिंडरवरही असतो. फ्रेंच समीक्षक रोलाँ बार्थने १९६४ च्या लेखात पांझानी या पास्त्याच्या फ्रेंच जाहिरातीतलं 'इटालीपण' उलगडलं, तेव्हा तेही म्हटलं की इटालियन माणसाला ते नाव ऐकून तसं काही जाणवणार नाही. म्हणजे अर्थ कोणासाठी, हा प्रश्न जाहिरातीच्या आत बसून सुटत नाही. ब्रिटिश संस्कृती-अभ्यासक स्टुअर्ट हॉलची १९७३ मधली वाचनाची तीन रूपं (सांगितलेला अर्थ तसाच घेणं, थोडा वळवून घेणं किंवा नाकारणं) उपयोगी आहेत, पण मुलाखतींआधी त्यांचे रकाने आखू नका. माणसं मग त्या रकान्यांत कोंबली जातात.

मुलाखतीत वस्तू त्यांच्या हातात द्या. "याचा अर्थ काय?" विचारलंत की लोकांना परीक्षा वाटते आणि ते तुम्हाला हवं ते बोलतात. "हे दिसल्यावर तुम्ही काय करता?" असं विचारा. व्हॉट्सॲपच्या निळ्या खुणांबद्दल मी अर्थ विचारला तेव्हा सगळे "वाचलं" म्हणाले. काय करता विचारल्यावर एका मुलीने सांगितलं की ती मेसेज न उघडता वरच्या सूचनेतूनच वाचते, म्हणजे आईला खुणा निळ्या दिसत नाहीत.

मार्गदर्शक निवडताना 'छान' म्हणणाऱ्यांपासून जरा लांब राहा. खोडून, रागावून परत देणारे बरे. आणि पहिली मुलाखत फसली म्हणून घाबरू नका. माझ्या पहिल्या सहा पूर्ण फसल्या होत्या, तरी त्यातलीच दोन वाक्यं शेवटी उपयोगी पडली.

मावशीला मी नंतर सेन्सरचं सगळं समजावलं. तिने शांतपणे ऐकलं, पटलंही. पुढच्या महिन्यात नवी ट्यूब आणली, तेव्हा तिने ती पुन्हा उलटी केली. मी पाहते आहे हे लक्षात आल्यावर म्हणाली, "माहितेय गं. पण बघितल्याशिवाय हात पुढे जात नाही." तिसरं प्रकरण आता या वाक्याने सुरू होतं.