पोट साफ झाले तरी दुखणे का राहते? बद्धकोष्ठाच्या आयबीएसमध्ये या चुका टाळा

बेळगाव, खानापूर, निपाणी या आपल्या पट्ट्यात पोटाची तक्रार सांगितली की समोरून पहिला प्रश्न येतो, 'परसाकडे साफ होते का?' उत्तर 'नाही' असले की जुलाबाची गोळी हातात पडते आणि तिथेच पहिली चूक होते. आयबीएस म्हणजे इरिटेबल बॉवेल सिंड्रोम, आतड्याच्या कामकाजातील बिघाडाचा दीर्घकाळ चालणारा विकार. २०१६ च्या रोम-४ निकषांनुसार (अशा विकारांच्या निदानाचे आंतरराष्ट्रीय निकष) आयबीएस म्हणण्यासाठी गेल्या तीन महिन्यांत आठवड्यातून सरासरी किमान एक दिवस पोटात दुखलेले असावे लागते, आणि त्या दुखण्याचा शौचाला जाणे, शौचाच्या वेळा बदलणे व मलाचे स्वरूप बदलणे यांपैकी किमान दोन गोष्टींशी संबंध असावा लागतो. दुखणे मुळीच नसेल, तर तो नुसता बद्धकोष्ठ असतो. त्यामुळे केवळ पोट साफ करणारे औषध आयबीएसच्या रुग्णाचा निम्माच आजार हाताळते. पॉलिएथिलीन ग्लायकॉलच्या पावडरीने मल मऊ होतो, परंतु दुखणे त्याच प्रमाणात कमी होईलच असे नाही. अशा वेळी 'औषध लागू पडले नाही' असे समजून ते बंद करण्याऐवजी दुखण्यासाठी वेगळे काय द्यावे, हे डॉक्टरांना विचारावे.

इसबगोलच्या बाबतीत होणारी चूक मी स्वतः केली आहे. पहिल्याच रात्री दोन मोठे चमचे भुसा पेल्यात घातला आणि फोनवर बोलत बसलो. पाच मिनिटांत पेल्यात चमचा उभा राहील असा गोळा झाला, तो मी कसाबसा गिळला आणि पहाटेपर्यंत पोट नगाऱ्यासारखे फुगले होते. तिसऱ्या दिवशी डबा फळीवर गेला. वास्तविक सुरुवात एका लहान चमच्याने करावी, तो पेलाभर पाण्यात ढवळून लगेच प्यावा, वर आणखी पाणी घ्यावे, लगेच आडवे होऊ नये, मात्रा दर आठवड्याला थोडी वाढवावी आणि तीन-चार आठवड्यांनंतरच निष्कर्ष काढावा. तंतू म्हणून गव्हाचा कोंडा खाण्याचा सल्लाही सर्रास दिला जातो. आयबीएसमध्ये मात्र त्याने वायू व कळा वाढू शकतात.

यापेक्षा कमी लक्षात येणारी गोष्ट म्हणजे दुसऱ्या आजारांची औषधे. लोहाच्या व कॅल्शियमच्या गोळ्या, कोडीन असलेले खोकल्याचे औषध, रक्तदाबासाठीचे व्हेरापामिल यांनी बद्धकोष्ठ वाढतो. पोटातील कळेवर दुकानातून आणलेली डायसायक्लोमिनची गोळी कळ शमवते, पण आतड्याची हालचाल मंदावून मलावरोधात भर घालते. आपल्याकडे औषधांचा एक कागद बेळगावचा, एक मिरजेचा, एक कोल्हापूरचा असतो, आणि कोणत्याही डॉक्टरांपुढे तिन्ही एकत्र येत नाहीत. सर्व गोळ्यांची पाकिटे एका पिशवीत घालून नेणे, हा त्यावर सर्वांत सोपा उपाय आहे.

आहारात घाईने सर्व काही बंद करू नये. कांदा, लसूण, गहू, हरभरा यांतील आतड्यात आंबणाऱ्या शर्करा काहींना त्रास देतात, आणि आपल्या झुणक्यात त्यांपैकी तीन एकत्र येतात, हे खरे आहे. परंतु हे वगळणे चार ते सहा आठवड्यांपुरते, शक्यतो आहारतज्ज्ञांच्या देखरेखीखाली असावे आणि नंतर एकेक पदार्थ परत घेऊन पाहावा. भात अशा काळात निर्धास्त चालतो. पहाटे मिश्री किंवा तंबाखू लावल्याशिवाय परसाकडे होत नाही, अशी सवय आमच्या निपाणी भागात अनेकांना असते. तिला उपचार म्हणू नये.

कुंथूनही अडकल्यासारखे वाटत असेल, बोटाने मल काढावा लागत असेल, तर गुदद्वाराचे स्नायू वेळेवर सैल होत नसण्याची शक्यता असते. तेथे औषधांपेक्षा बायोफीडबॅकचे, म्हणजे उपकरणावर स्नायूंची हालचाल पाहत ते सैल करायला शिकण्याचे प्रशिक्षण उपयोगी पडते, आणि संकोचामुळे रुग्ण नेमके हेच सांगत नाही.

साधे उपाय पुरेसा वेळ देऊनही अपुरे पडले, तर लिनाक्लोटाइड किंवा ल्युबिप्रोस्टोन यांसारखी, आतड्यात पाणी स्रवणे वाढवणारी औषधे पोटविकारतज्ज्ञ विचारात घेतात. पहिले न्याहारीच्या अर्धा तास आधी रिकाम्या पोटी, तर दुसरे जेवणासोबत घ्यायचे असते. हा क्रम उलटला की पहिल्याने जुलाब वाढतात आणि दुसऱ्याने मळमळ होते. गर्भवती स्त्रियांनी कोणतेही औषध आपल्या मनाने घेऊ नये.

शौचातून रक्त जाणे, वजन उतरणे, रक्त कमी होणे, दुखण्याने रात्री जाग येणे, पन्नाशीच्या सुमारास प्रथमच त्रास सुरू होणे किंवा घरात मोठ्या आतड्याचा कर्करोग झालेला असणे, यांपैकी काहीही असेल तर वरील एकही प्रयोग न करता आधी तपासणी करून घ्यावी.