अपडेट झालेली इलेक्ट्रिक गाडी पुन्हा अंगवळणी कशी पाडावी

गेल्या पावसाळ्यात रात्री गाडीला सॉफ्टवेअरचं अपडेट लावलं आणि सकाळी मुलीला शाळेत सोडायला निघालो. सिग्नल जवळ आला तसा सवयीने एक्सिलरेटरवरचा पाय उचलला. एरवी एवढ्यानेच गाडी मंदावते. त्या दिवशी ती पुढे जातच राहिली. ब्रेक दाबला, तेव्हा पुढची रिक्षा हातभर अंतरावर होती. गाडीत बिघाड काहीच नव्हता. अपडेटनंतर रिजेन, म्हणजे पाय उचलल्यावर गाडी मंदावत वीज बॅटरीत परत घेण्याची सोय, जोरदार तिसऱ्या पातळीवरून हलक्या पहिल्या पातळीवर आला होता आणि मी स्क्रीनकडे न बघताच निघालो होतो.

तेव्हापासून प्रत्येक अपडेटनंतर मी गाडी नव्याने ओळखून घेतो. इलेक्ट्रिक गाडीत पाय किती दाबला की मोटरने किती जोर लावायचा आणि पाय उचलला की किती वीज बॅटरीत परत घ्यायची, हे सगळं सॉफ्टवेअर ठरवतं. अपडेट तिथे पोहोचू शकतं. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या कन्झ्युमर रिपोर्ट्स या ग्राहक संस्थेने टेस्ला मॉडेल ३ ची चाचणी घेतली, तेव्हा ताशी ६० मैलांवरून थांबायला गाडीला १५२ फूट लागले. कंपनीने ब्रेकच्या सॉफ्टवेअरमध्ये बदल पाठवला आणि तेच अंतर १३३ फुटांवर आलं. एकही सुटा भाग न बदलता जवळपास सहा मीटरचा फरक पडला.

१. अपडेट कशाचं आहे ते आधी वाचा

नकाशे, गाणी, स्क्रीनचं रूप यांचं अपडेट वेगळं आणि मोटर, बॅटरी, ब्रेक, स्टीअरिंग यांचं वेगळं. पहिल्या प्रकाराला फार जपावं लागत नाही. दुसऱ्या प्रकाराची माहिती शब्दन् शब्द वाचा. वाहनांच्या सॉफ्टवेअर अपडेटसाठी संयुक्त राष्ट्रांचा आर १५६ हा नियम आहे. त्यानुसार अपडेट कशासाठी आहे, काय बदलणार, किती वेळ लागेल आणि त्या काळात काय बंद राहील, हे वापरणाऱ्याला सांगावं लागतं. भारतात याच विषयावर एआयएस-१९० हे मानक आहे. ‘किरकोळ सुधारणा’ एवढंच लिहिलेलं दिसलं, तर सर्व्हिस सेंटरला फोन करून विचारायला संकोच करू नका.

सगळीच अपडेट घरबसल्या येत नाहीत. जुलै २०२२ मध्ये नेक्सॉन ईव्ही प्राइम आली, तेव्हा रिजेनच्या निवडता येणाऱ्या पातळ्या आणि क्रूझ कंट्रोल यांसारख्या सोयी टाटा मोटर्सने जुन्या नेक्सॉन ईव्हीच्या मालकांनाही मोफत देऊ केल्या. त्यासाठी गाडी सर्व्हिस सेंटरला न्यावी लागत होती. तुमचीही गाडी सर्व्हिसिंगहून आली की ‘सॉफ्टवेअर बदललं का?’ हे विचारा. अनेकदा ते जॉबकार्डवर, म्हणजे केलेल्या कामांच्या कागदावर, एका ओळीत लिहिलेलं असतं आणि कुणी तोंडाने सांगत नाही.

२. अपडेटआधी सेटिंगचे फोटो काढा

ड्राइव्ह मोड, रिजेनची पातळी, वन पेडल (एक्सिलरेटरवरचा पाय उचलूनच गाडी थांबवण्याची सोय) चालू आहे की बंद, लेन असिस्ट (गाडी लेनमध्ये ठेवायला मदत करणारी सोय), वेगमर्यादेचा इशारा, चार्जिंगची मर्यादा आणि वेळापत्रक, सीट व आरशांची जागा, ड्रायव्हर प्रोफाइल: या सगळ्यांचे मोबाईलवर फोटो काढून ठेवा. सॉफ्टवेअरच्या आवृत्तीचा क्रमांकही त्यात हवा. पाच मिनिटांचं काम आहे, पण पुढे तक्रार करायची वेळ आली तर हेच फोटो उपयोगी पडतात.

३. वेळ आणि जागा निवडा

अपडेट बसत असताना बहुतेक गाड्या चालवता येत नाहीत. म्हणून ते रात्री, घरच्या पार्किंगमध्ये करा. सकाळी विमान गाठायचं असेल तर त्या रात्री नकोच. १२ व्होल्टची छोटी बॅटरी अशक्त असेल तर अपडेट अडकू शकतं, तेव्हा ती जुनी झाली असल्यास आधी तपासून घ्या. तळघरातल्या पार्किंगमध्ये नेटवर्क नसेल, तर डाउनलोड वर मोकळ्यावर पूर्ण होऊ द्या आणि मग गाडी खाली न्या. अपडेट चालू असताना दारं उघडझाप करणं, चार्जर लावणं-काढणं टाळा.

अपडेट फसतंसुद्धा. नोव्हेंबर २०२३ मध्ये रिव्हियन या अमेरिकी कंपनीच्या काही इलेक्ट्रिक गाड्यांना चुकीचं प्रमाणपत्र असलेलं सॉफ्टवेअर गेलं आणि त्यांच्या स्क्रीन काळ्या पडल्या. गाड्या चालत होत्या, पण स्क्रीनवरून करायची कामं अडली. म्हणून स्क्रीन बंद असताना दार कसं उघडायचं आणि हॅझर्ड दिवे कुठून लावायचे, हे घरातल्या प्रत्येक चालकाला माहीत हवं.

४. आधी उभ्या गाडीत केबिन तपासा

हा भाग लोक सर्रास सोडून देतात आणि मला तोच सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. टचस्क्रीनवरची बटणं अपडेटमध्ये जागा बदलतात. डिसेंबर २०२१ मध्ये टेस्लाच्या ११ व्या आवृत्तीत नेहमी लागणाऱ्या काही गोष्टी मेनूच्या आत गेल्या आणि मालकांनी मोठी तक्रार केली. हीच वेळ जुलैत खंडाळ्याच्या घाटात आली तर? बाहेर धुकं आणि पाऊस, आत चार जणांच्या श्वासाने काच पांढरी झालेली आणि काचेवरचं धुकं घालवणाऱ्या डीफॉगरचं बटण सापडत नाही. ते शोधण्याच्या दोन सेकंदांतही गाडी बरंच अंतर कापते.

म्हणून गाडी उभी असतानाच पुढच्या काचेचा डीफॉगर, वायपरचा वेग, एसीचं तापमान, हॅझर्ड आणि कॅमेरा एकेकदा वापरून बघा. बोट कुठे जातं हे दोन-तीनदा करून हाताला सवय लावा. डीफॉगर नुसता चालू होतो का, एवढ्यावर थांबू नका. काच खरोखर साफ होते का, ते पाहा. फेब्रुवारी २०२२ मध्ये टेस्लाला अमेरिकेत २६,६८१ गाड्यांसाठी रिकॉल, म्हणजे दोष दुरुस्त करून देण्याची मोहीम, काढावा लागला. सॉफ्टवेअरच्या चुकीने केबिन गरम करणाऱ्या हीट पंपातला एक व्हॉल्व्ह नको तेव्हा उघडत होता, त्यामुळे काच नीट साफ होत नव्हती. दुरुस्तीही सॉफ्टवेअरनेच झाली.

५. मोकळ्या रस्त्यावर पायाची ओळख करून घ्या

वर्दळ नसलेला सरळ रस्ता निवडा आणि मागे कुणी नाही ना ते बघा. ताशी ३० किलोमीटरवर पाय पूर्ण उचला आणि गाडी किती मंदावते ते अनुभवा. मग ब्रेक हलका दाबा, नंतर थोडा जोराने. छोट्या चढावर थांबून गाडी मागे घसरते का, तेही पाहा. बॅटरी शंभर टक्के भरलेली असताना ही चाचणी घेऊ नका. भरलेल्या बॅटरीत वीज परत घ्यायला जागा नसते, त्यामुळे रिजेन कमी लागतो आणि दोष अपडेटला जातो.

लेन असिस्ट आणि आपोआप लागणारा ब्रेक मात्र मुद्दाम अडथळा उभा करून तपासू नका. सेटिंग जुन्या फोटोशी जुळतं का, एवढं बघा आणि पहिले काही दिवस हात स्टीअरिंगवर घट्ट ठेवा.

६. रेंजचा आकडा आठवडाभराने बघा

फेब्रुवारी २०२३ पासून नेक्सॉन ईव्ही मॅक्सच्या जुन्या मालकांनाही सॉफ्टवेअरने रेंज, म्हणजे एका चार्जमध्ये गाडी जाईल ते अंतर, वाढवून मिळाली. चाचणीतला आकडा ४३७ वरून ४५३ किलोमीटर झाला. अशी वाढ पहिल्याच फेरीत शोधू नका. नेहमीचा रस्ता, नेहमीचा वेग आणि एसीचं तेच तापमान ठेवून आठवडाभराच्या नोंदी करा, मगच आधीच्या आकड्याशी ताडून बघा.

७. काही खटकलं तर

ब्रेक, स्टीअरिंग किंवा वेगाबद्दल शंका आली तर गाडी बाजूला घ्या आणि रोडसाइड असिस्टन्सला बोलवा. बाकी तक्रार लेखी करा: जुनी आणि नवी आवृत्ती, तारीख, वेळ, बॅटरी किती टक्के होती, नेमकं काय घडलं, आणि सोबत फोटो. मालकाला स्वतः जुन्या आवृत्तीवर परत जाता येईल अशी सोय सहसा नसते, म्हणून तक्रारीचा क्रमांक जपून ठेवा. आणि घरात गाडी चालवणारे आणखी कुणी असतील, तर किल्ली देण्याआधी काय बदललंय ते त्यांना गाडीत बसवून दाखवा. आमच्याकडे आता फ्रिजवर चिठ्ठी लावलेली असते: ‘अपडेट झालंय. रिजेन तीनवर आहे का, बघून निघा.’