कवळीचं लिक्विड: वापरायचं कसं, सांभाळायचं कसं

आमच्या कवळ्या बनवायच्या धंद्यात पावडरीत मिसळायच्या या रसायनाला मिथाइल मेथाक्रिलेट कोणी म्हणत नाही, नुसतं लिक्विड नाहीतर मोनोमर, आणि लॅबला नवीन लागलेला पोरगा पहिल्या दिवशी हमखास विचारतो की हा वास कसला, आठवड्याभरात विचारायचं बंद करतो कारण नाकाला सवय होते. गडबड इथेच आहे. हवेत अगदी किंचित असलं तरी याचा वास येतो, म्हणून वास आला की लगेच घाबरायचं कारण नाही, पण वास येईनासा झाला म्हणजे हवा साफ झाली असंही नाही. आठ तासांच्या कामाला सरासरी ५० पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत ५० भाग) ही मर्यादा बरेच ठिकाणी धरतात, ती काय नाकाने मोजता येत नाही. एक्झॉस्ट फॅन टेबलाच्या उंचीला लावा, छताजवळ लावून उपयोग नाही, वाफ हवेपेक्षा साडेतीन पट जड असते, खालीच पसरते.

आता आगीचं. याचा फ्लॅश पॉइंट साधारण १० डिग्री, म्हणजे त्याच्या वरच्या तापमानाला ठिणगी मिळाली की वाफ पेटू शकते, आणि मुंबईत १० डिग्री थंडी कधी पडते सांगा बरं? म्हणजे इथे बाराही महिने हे पेटायला तयारच असतं. तरी लॅबमध्ये काय चालतं, एका टेबलावर वॅक्सच्या कामाला स्पिरिट लॅम्प जळतोय, बाजूला लिक्विडची बाटली उघडी, आणि सकाळी दुकान उघडल्यावर फोटोपुढे दिवा आणि अगरबत्ती लावतो ती वेगळीच. देवाला हात जोडा, पण दिवा विझल्यावरच बाटली काढा. सांडलं तर आधी ज्योत बंद, मग कोरड्या वाळूने किंवा फडक्याने टिपायचं, फडकं झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात टाकायचं, बेसिनमध्ये अजिबात ओतायचं नाही, पाण्यात ते फारसं विरघळत नाही, वर तरंगतं आणि वाफ गटारात साठते.

बाटली गडद रंगाचीच ठेवा आणि उन्हापासून, गरम पाण्याच्या टाकीपासून लांब. आत हायड्रोक्विनोन किंवा त्याचाच भाऊबंद थोडासा घातलेला असतो, तो नसेल तर लिक्विड आपणहून घट्ट व्हायला लागतं. म्हणून मोठ्या कॅनमधून भरताना बाटली गळ्यापर्यंत भरू नका, त्या औषधाला काम करायला थोडी हवा लागते. मी सुरुवातीला जिथे कामाला होतो तिथे मे महिन्यात बाटली उकळत्या टाकीशेजारी राहिली आणि चार दिवसांनी पाकासारखी दाट झाली, कोणीतरी म्हणालं चालतंय, वापर. नाही चालत. दाट झालेलं लिक्विड वापरायचं नाही आणि परत पातळ करायच्या भानगडीतही पडायचं नाही.

ग्लोव्ह्जबद्दल मात्र सगळ्यांचा मोठा गैरसमज आहे. लेटेक्स काय, नायट्राइल काय, दोन्हीतून हे काही मिनिटांत आरपार जातं आणि आतल्या आत बोट भिजत राहतं, त्यापेक्षा उघडा हात परवडला असं वाटेल पण तेही नको. डो, म्हणजे लिक्विड-पावडरचा गोळा, बोटाने मळू नका, स्पॅच्युला वापरा, दाबताना मधे पॉलिथिनचा कागद ठेवा, आणि ग्लोव्ह ओला झाला की लगेच बदला. बोटांची टोकं फुटणं, बधिर होणं हे जुन्या टेक्निशियन लोकांना विचारा, आणि एकदा अॅलर्जी बसली की सहसा ती जन्माची.

मिसळायचं प्रमाण मापाने ३ भाग पावडर, १ भाग लिक्विड. नुसतं लिक्विड घट्ट झालं तर ते २१ टक्के आकसतं, पावडर घातल्याने तेच ७ टक्क्यांच्या आसपास येतं, म्हणून अंदाजपंचे ओतू नका. काचेच्या भांड्यात आधी लिक्विड, वरून पावडर, झाकण लावून थांबा. आधी ओल्या वाळूसारखं दिसतं, मग ओढलं की तारा सुटतात, मग भांड्याच्या कडा सोडतं, तेव्हाच फ्लास्कमध्ये, म्हणजे कवळीच्या साच्याच्या डब्यात, भरायचं. उन्हाळ्यात हे फार लवकर होतं, भांडं थंड ठेवलं तर वेळ मिळतो, फक्त थंड भांडं लगेच उघडू नका, मुंबईच्या दमट हवेत आत पाणी सुटतं.

फ्लास्क पाण्यात शिजवताना घाई केली की हमखास पोरॉसिटी, म्हणजे कवळीत बारीक भोकं, कारण लिक्विड १०१ डिग्रीच्या आसपास उकळतं आणि जाड भागात स्वतःचीही उष्णता साठते, बुडबुडे आतच अडकतात. ७४ डिग्रीला दोन तास, मग उकळत्या पाण्यात एक तास, आणि फ्लास्क बाहेर काढून आपणहून थंड होऊ द्या. नीट शिजलेल्या कवळीत शेवटी अर्ध्या टक्क्याच्या आत लिक्विड उरतं, रिपेअरला वापरतात त्या कोल्ड क्युअरमध्ये, म्हणजे न शिजवता घट्ट होणाऱ्या मटेरियलमध्ये, ते ३ ते ५ टक्के, म्हणून रिपेअरचं काम पेशंटला त्याच दिवशी पाहिजे असलं तरी निदान रात्रभर पाण्यात ठेवून मगच द्या, आणि तो कितीही कटकट करू दे, दुसऱ्या दिवशी सकाळी ये म्हणावं.