हळदीचा पिवळा रंग, हळदीतले शिसे: विश्लेषण प्रयोगशाळेत येऊ पाहणाऱ्यांसाठी

एम. एस्सी. झाल्यावर पुण्यातील एका खासगी तपासणी प्रयोगशाळेत मी रुजू झाले, तेव्हा पहिल्याच आठवड्यात सांगलीच्या हळदीचा एकच नमुना माझ्याकडे दोनदा आला. सकाळी त्यातील कर्क्युमिनचे प्रमाण काढायचे होते आणि दुपारी त्याच भुकटीतील कीटकनाशकांचे अंश शोधायचे होते. सकाळी जो पिवळा रंग एक थेंबही वाया न घालवता मोजला, तोच दुपारी काढून टाकण्यासाठी मी धडपडत होते, कारण तो गेल्याशिवाय यंत्राला खालचे सूक्ष्म अंश नीट दिसत नव्हते. वनस्पतीतील संयुगे आणि पर्यावरणातून आलेली प्रदूषके हे दोन वेगळे विषय म्हणून आपण महाविद्यालयात शिकतो, पण नमुन्यात ती एकाच पिशवीतून येतात आणि एकाची चांगली ओळख असल्याखेरीज दुसऱ्याचे मोजमाप विश्वासार्ह होत नाही. या क्षेत्रात नव्याने येणाऱ्यांना मला प्रामुख्याने हेच सांगायचे आहे.

क्रोमॅटोग्राफीचा, म्हणजे मिश्रणातील घटक एकमेकांपासून वेगळे करण्याच्या पद्धतीचा, जन्मही वनस्पतींच्या अभ्यासातूनच झाला. मिखाइल त्स्वेत या रशियन वनस्पतिशास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या अगदी आरंभी पानांतील रंगद्रव्ये खडूच्या भुकटीच्या स्तंभातून खाली उतरू दिली आणि हिरवे, पिवळे पट्टे एकमेकांपासून वेगळे होताना पाहिले. १९०६ मध्ये त्याने या पद्धतीला जे नाव दिले त्याचा अर्थच रंगाने लिहिणे असा होतो. आज आपण ज्या यंत्रांसमोर बसतो त्यांतील कॉलम पोलादी नळीत बंद असतो आणि पट्ट्यांच्या जागी पडद्यावर पीक, म्हणजे आलेखातले टोकदार उंचवटे, दिसतात. तरीही नव्याने येणाऱ्याने एकदा तरी पातळ थराच्या पट्टीवर हळदीचा अर्क चढवून पाहावा, असे मी आग्रहाने सांगते. क्लोरोफॉर्ममध्ये थोडे मेथॅनॉल घातले की कर्क्युमिन, डिमेथॉक्सिकर्क्युमिन आणि बिसडिमेथॉक्सिकर्क्युमिन असे तीन पिवळे ठिपके एकाखाली एक उभे राहतात. ते डोळ्यांनी पाहिलेल्या माणसाला पुढे एचपीएलसीच्या (उच्च दाबाच्या द्रव क्रोमॅटोग्राफीच्या) आलेखातील तीन पीक कशाची आहेत, हे पाठ करावे लागत नाही.

कर्क्युमिनच्या बाबतीत पहिली गफलत माझ्याकडून झाली ती स्टँडर्डच्या, म्हणजे तुलनेसाठी घेतलेल्या ज्ञात प्रमाणाच्या, द्रावणात. हे संयुग प्रकाशात आणि अल्कधर्मी द्रावणात लवकर विघटित होते, हे मी वाचले होते. तरीही एका दुपारी स्टँडर्ड साध्या काचेच्या फ्लास्कमध्ये खिडकीजवळच्या टेबलावर राहिले. दुसऱ्या दिवशी त्याच द्रावणावर बेतून काढलेला निकाल अपेक्षेपेक्षा चांगला आला आणि धोका तिथेच होता. स्टँडर्ड दहा टक्क्यांनी क्षीण झाले, तर नमुन्याचे प्रमाण दहा-अकरा टक्क्यांनी फुगून दिसते. म्हणजे प्रत्यक्षात ४ टक्के कर्क्युमिन असलेली हळद कागदावर ४.४ टक्क्यांची होते. ज्याची हळद आहे त्याला असा निकाल आवडतो आणि त्यामुळे तक्रार कधी येतच नाही. माझ्या वरिष्ठ मॅडमनी जुने आणि ताजे स्टँडर्ड शेजारी शेजारी चालवायला लावले, तेव्हा फरक समोर आला आणि अहवाल बाहेर जाण्याआधी दुरुस्त झाला. तेव्हापासून तपकिरी काचेचा फ्लास्क, त्यावर तारीख आणि वेळ, आणि दर बॅचच्या सुरुवातीला ताज्या स्टँडर्डशी पडताळणी, या तीन गोष्टींत मी सवलत दिलेली नाही.

अंश-तपासणीचे जग याहून पुष्कळ लहान आकड्यांचे असते. युरोपीय संघात ज्या कीटकनाशकासाठी स्वतंत्र मर्यादा ठरलेली नसते, त्याला सर्वसाधारणपणे किलोला ०.०१ मिलिग्रॅम ही मर्यादा लागू होते. नव्या मुलांना मी हा आकडा असा सांगते: प्रत्येकी दहा टन माल भरलेले शंभर ट्रक उभे करा, त्या सगळ्यांत मिळून दहा ग्रॅम द्रव्य समप्रमाणात मिसळा आणि मग कोणत्याही ट्रकमधून मूठभर माल उचलून ते ओळखून दाखवा. हे शक्य होते ते एलसी-एमएस/एमएस आणि जीसी-एमएस/एमएस या, म्हणजे द्रव किंवा वायू क्रोमॅटोग्राफीने घटक वेगळे करून त्यांचे वस्तुमान मोजणाऱ्या, यंत्रांमुळे, पण यंत्रापर्यंत पोहोचण्याआधीचे काम हातांचे असते. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या क्वेचर्स या अर्क काढण्याच्या पद्धतीने ते फार सुटसुटीत केले. मूळ पद्धतीत दहा ग्रॅम नमुन्यात दहा मिलिलिटर ॲसिटोनायट्राइल घालून हलवतात, मग चार ग्रॅम निर्जल मॅग्नेशियम सल्फेट आणि एक ग्रॅम मीठ घालतात. पाणी सल्फेट शोषते, मिठामुळे थर वेगळे होतात आणि कीटकनाशके वरच्या थरात येतात. हळदीसारख्या कोरड्या मालाचे मात्र दोनच ग्रॅम घेऊन आधी पाण्यात भिजत ठेवावे लागतात, कारण कोरड्या कणाच्या आतले द्रव्य ॲसिटोनायट्राइल थेट ओढून काढू शकत नाही. सल्फेट ओल्या नमुन्यात पडताच नळी हाताला चटका बसण्याइतकी तापते. अशा वेळी ती ताबडतोब जोरात हलवावी, नाहीतर खाली दगडासारखा खडा बसतो आणि तो नमुना पुन्हा पहिल्यापासून करावा लागतो.

यानंतर पिवळ्या रंगाचा प्रश्न येतो. अर्कात कर्क्युमिन भरपूर असेल तर ते ज्या वेळी कॉलममधून बाहेर पडते, त्याच वेळी बाहेर पडणाऱ्या कीटकनाशकाचे आयनीभवन (यंत्रात रेणूंना विद्युतभार मिळणे) दबते आणि त्याचे पीक खुजे दिसते. यालाच मॅट्रिक्स इफेक्ट म्हणतात. म्हणून अर्कात शोषक भुकट्या घालतात: साखर आणि सेंद्रिय आम्ले काढायला पीएसए, मेद काढायला सी-१८ आणि रंगद्रव्ये काढायला ग्राफाइटीकृत कार्बनची काळी भुकटी वापरतात. ही काळी भुकटी पाहून नव्या माणसाला मोठा आनंद होतो, कारण गडद अर्क पाहता पाहता फिका होतो. मीही सुरुवातीला ती सढळ हाताने घालत असे. पण ही भुकटी रंग पाहत नाही, रेणूचा सपाटपणा पाहते. थायबेंडाझोलसारखी सपाट रेणूंची बुरशीनाशके ती रंगासोबतच गिळून टाकते. मग आलेख स्वच्छ दिसतो आणि अहवालात «आढळले नाही» असे लिहिले जाते, जे खरे नसते. म्हणून स्वच्छ नमुन्यात ज्ञात प्रमाणात कीटकनाशक घालून ते किती परत मिळते हे पाहावे लागते. ही रिकव्हरी सामान्यतः ७० ते १२० टक्क्यांच्या दरम्यान असावी, असा दंडक आहे. त्याचप्रमाणे कॅलिब्रेशनही, म्हणजे ज्ञात प्रमाणांवरून यंत्राचे मोजमाप ठरवणेही, शुद्ध द्रावकात न करता कीटकनाशकमुक्त हळदीच्या अर्कातच करावे, म्हणजे दडपले जाणे दोन्हीकडे सारखे होते.

पद्धतीला जे दिसत नाही ते नसतेच, असा समज किती महागात पडतो हे महाराष्ट्राने २०१० मध्ये अनुभवले. त्या वर्षी क्लोरमेक्वाट क्लोराइडच्या अंशांमुळे युरोपात आपल्या द्राक्षांचे कंटेनर अडकले. बागायतदार या संजीवकाला नुसते सीसीसी म्हणतात आणि वेलीची शाकीय वाढ रोखण्यासाठी ते वापरतात. रसायनशास्त्राच्या दृष्टीने तो कायम धनभारित असलेला क्षार आहे. त्यामुळे तो क्वेचर्समधील ॲसिटोनायट्राइलच्या थरात येत नाही, पाण्यातच राहतो, आणि त्यासाठी आम्लयुक्त मेथॅनॉलचा स्वतंत्र अर्क काढावा लागतो. शेकडो कीटकनाशकांची एकत्रित तपासणी झाली, असे अहवाल सांगत असला तरी त्या शेकड्यांत हा बसत नाही. मी नोकरीला लागले तेव्हा त्या हंगामाच्या आठवणी ताज्या होत्या आणि नाशिक, तासगावकडच्या बागायतदारांच्या आवाजात त्या ऐकू येत. पुण्याजवळ मांजरी येथील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रातील संदर्भ प्रयोगशाळेचे काम ज्यांना जवळून पाहता येईल त्यांनी ती संधी सोडू नये.

हळदीतील शिशाचा प्रश्न मात्र वेगळ्या प्रकारे कठीण आहे. जमिनीतून थोडे शिसे कोणत्याही कंदात येऊ शकते, पण पॉलिश करताना रंग खुलवण्यासाठी लेड क्रोमेट हे शिसेयुक्त पिवळे रंगद्रव्य लावले गेले असेल तर प्रमाण एकदम उडी घेते. या पिवळ्या भुकटीच्या वजनात सुमारे ६४ टक्के शिसेच असते. एक किलो हळदीला एक ग्रॅम लागली तरी किलोला ६४० मिलिग्रॅम शिसे झाले. डोळ्यांना ती हळद अधिक चांगली दिसते. अशा वेळी नायट्रिक आम्लात मायक्रोवेव्हने नमुना विरघळवून आयसीपी-एमएस या धातू मोजणाऱ्या यंत्रावर शिशासोबत क्रोमियमही मोजावे, असे मी सुचवते. लेड क्रोमेटमध्ये दोन्हींचा एकेक अणू असल्यामुळे वजनाने शिसे क्रोमियमच्या सुमारे चौपट येते. नमुन्यामागून नमुन्यात हेच गुणोत्तर दिसू लागले की शिसे कुठून आले याचा जवळजवळ उलगडा होतो. पण इथेही वनस्पती आड येतेच. क्रोमियम ५२ या वस्तुमानावर मोजतात, आणि यंत्रातील आर्गॉन हळदीतल्या उरलेल्या कार्बनशी जुळून नेमके तेच वस्तुमान तयार करतो. विरघळवणे अपुरे झाले असेल तर नसलेले क्रोमियम दिसते. यंत्रातील हेलियम वायूचा कोष वापरून हा भास काढता येतो, परंतु तो भास आहे हे आधी कळावे लागते.

शिसे मोजणाऱ्याने ब्लँकवर, म्हणजे नमुना न घालता बाकी सारे तसेच केलेल्या चाचणीवर, नमुन्याइतकेच प्रेम करावे. नळ्या पातळ नायट्रिक आम्लात रात्रभर बुडवून ठेवाव्यात आणि काचेऐवजी प्लास्टिक वापरावे. याउलट जीसी-एमएसच्या कामात तेच प्लास्टिक वैरी ठरते, कारण त्यातील थॅलेट ही प्लास्टिक मऊ करणारी रसायने १४९ या वस्तुमानावर ठळकपणे उमटतात. रात्री घरात डास पळवणारे यंत्र लावून सकाळी पायरेथ्रॉइड, म्हणजे अशा यंत्रात असतात त्याच गटातली कीटकनाशके, तपासायला बसणाऱ्याने हात, बाही आणि केस यांचाही विचार करावा. या बारकाव्यांवर कुणी हसले तरी लाजू नये. मॅडम निकाल पाहण्याआधी नेहमी एवढेच म्हणत, «आधी ब्लँक दाखव.»

तयारीविषयी थोडक्यात. बी. एस्सी. रसायनशास्त्रावर तंत्रज्ञ म्हणून सुरुवात होते, पण पद्धत विकसित करण्याचे काम हवे असेल तर विश्लेषणात्मक किंवा सेंद्रिय रसायनशास्त्रातील एम. एस्सी. करावी. मुलाखतीत यंत्रांची नावे मोजून दाखवण्यापेक्षा एखादा फसलेला निकाल आपण कसा पकडला, हे सांगता आले तर ऐकणारा लक्ष देऊन ऐकतो. आयएसओ १७०२५ हे प्रयोगशाळांसाठीचे मानक आणि प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या एनएबीएल या संस्थेची कार्यपद्धती रुजू होण्याआधी एकदा वाचून ठेवावी, कारण पहिल्या महिन्यात हाती येणारे बहुतेक काम लॉगबुक, तराजूची रोजची तपासणी आणि पिपेटचे कॅलिब्रेशन हेच असते. त्याला कमी लेखून कंटाळणारी मुले सहा महिन्यांत निघून जातात, असे मी पाहिले आहे.

अहवालाची भाषाही शिकावी लागते. तासगावच्या एका बागायतदारांनी अहवाल हाती आल्यावर फोन करून मला विचारले होते, «मॅडम, म्हणजे औषध निघालं का नाही?» अहवालात ०.०१ पेक्षा कमी असे लिहिले होते आणि ते बरोबरच होते. पण «नाही» आणि «आमच्या पद्धतीला एवढ्यापर्यंतच दिसते» यांतील अंतर मी त्यांना दहा मिनिटे समजावत होते. ते मन लावून ऐकत होते आणि शेवटी त्यांनी विचारले की, मग सीसीसीचा नमुना वेगळा द्यावा लागेल का. मी होय म्हणाले आणि त्यासाठी द्राक्षे कशी व किती आणायची ते लिहून घ्यायला सांगितले.

द्राक्षांचा निर्यात हंगाम साधारण जानेवारी ते एप्रिल असतो. त्याआधी प्रयोगशाळांना माणसे घडवून घ्यायची असतात, म्हणून अर्ज दिवाळीच्या सुमारास करावेत. हंगामाच्या ऐन गर्दीत कुणालाही शिकवायला सवड नसते.