प्रोग्राम चालू असताना तयार केलेल्या टेक्स्टबॉक्सचे कीबोर्ड इव्हेंट कसे हाताळावेत

विंडोज फॉर्म्समध्ये (विंडोजवरील खिडक्या-बटणांचे प्रोग्राम लिहिण्याच्या डॉटनेटमधील सोयीमध्ये) प्रोग्राम चालू असताना दहा-वीस टेक्स्टबॉक्स तयार करायचे असतील, तर प्रत्येकासाठी वेगळा हँडलर (इव्हेंट, म्हणजे कळ दाबण्यासारखी घटना, घडल्यावर चालणारे फंक्शन) लिहू नये. लूपमध्ये टेक्स्टबॉक्स तयार करावा, त्याच्या 'टॅग'मध्ये क्रमांक ठेवावा, 'कीडाउन' (कळ खाली दाबली जाणे) या इव्हेंटला सर्वांसाठी असलेला एकच हँडलर जोडावा आणि मग तो टेक्स्टबॉक्स फॉर्मच्या 'कंट्रोल्स'मध्ये घालावा. कळ कोणत्या टेक्स्टबॉक्समध्ये दाबली गेली, हे हँडलरला मिळणाऱ्या 'सेंडर'वरून (इव्हेंट ज्या कंट्रोलवर घडला त्यावरून) समजते. सी शार्पमध्ये 'फॉर' लूपचा चल थेट लॅम्डामध्ये (जागेवरच लिहिलेल्या निनावी फंक्शनमध्ये) वापरला, तर लूप संपल्यानंतर सर्व हँडलरना त्याची शेवटचीच किंमत दिसते. ही चूक शोधण्यात बराच वेळ जातो, म्हणून मी 'सेंडर'चाच मार्ग सुचवतो.

अक्षर उमटवणारी कळ दाबून सोडली, की कीडाउन, कीप्रेस आणि कीअप हे इव्हेंट याच क्रमाने येतात. बाणांच्या कळा आणि फंक्शन कळा यांच्यासाठी कीप्रेस येत नाही, त्यामुळे त्या कीडाउनमध्येच तपासाव्यात. एंटर दाबल्यावर पुढच्या टेक्स्टबॉक्सवर जायचे असेल, तर कीडाउनमध्ये 'सिलेक्टनेक्स्टकंट्रोल' वापरावे आणि 'सप्रेसकीप्रेस' ट्रू करावे, अन्यथा एकओळी टेक्स्टबॉक्समध्ये प्रत्येक एंटरला 'टिंग' असा आवाज होतो. मात्र फॉर्मला 'अ‍ॅक्सेप्टबटन' दिलेले असल्यास एंटर त्या बटणाकडे जातो आणि कीडाउन येतच नाही. टॅबचेही तसेच आहे: ती कळ फोकस हलवण्यासाठी आधीच वापरली जाते, आणि ती स्वतः हाताळायची असेल तर 'प्रिव्ह्यूकीडाउन'मध्ये 'इजइनपुटकी' ट्रू करावे लागते.

फक्त अंक स्वीकारायचे असतील, तर कीप्रेसमध्ये नको असलेल्या अक्षरासाठी 'हँडल्ड' ट्रू करावे, पण बॅकस्पेसला वाट मोकळी ठेवावी, कारण तीही कीप्रेसमध्ये येते. येथे आपल्या वापरकर्त्यांच्या दृष्टीने एक महत्त्वाची गोष्ट आहे: 'कॅर.इजडिजिट' देवनागरी अंकही खरे मानते, तर 'इंट.पार्स' ते स्वीकारत नाही आणि एरर देते. म्हणून देवनागरी अंक आधी रूपांतरित करावेत किंवा स्पष्टपणे नाकारावेत. शिवाय माउसने पेस्ट केलेला मजकूर कीप्रेसमधून जात नाही, त्यामुळे 'व्हॅलिडेटिंग'मध्ये (टेक्स्टबॉक्स सोडताना येणाऱ्या इव्हेंटमध्ये) पुन्हा तपासणी हवीच.

टेक्स्टबॉक्स काढून टाकताना केवळ 'कंट्रोल्स.क्लिअर' पुरेसे नाही; प्रत्येकावर 'डिस्पोज' (कंट्रोलने व्यापलेली संसाधने मोकळी करणारी मेथड) बोलवावे, आणि त्यासाठीचा लूप शेवटाकडून सुरुवातीकडे चालवावा, कारण डिस्पोज होताच कंट्रोल त्या यादीतून निघून जातो.