परदेशी बाजारपेठेचा प्रकल्प गटाने करताना या चुका टाळा

मुंबईत व्यवस्थापनशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण घेणारे दोन-तीन विद्यार्थी आणि परदेशातील विद्यापीठांत तेच शिकणारे दोन-तीन विद्यार्थी यांचा एक गट करायचा, त्यांना एखाद्या लहान निर्यातदाराची खरी अडचण द्यायची आणि आठ-दहा आठवड्यांत त्यांनी उपाय सुचवायचा, अशा स्वरूपाच्या प्रकल्पांना मी काही वर्षे मार्गदर्शन करीत आले आहे. मुले हुशार असतात, कष्टही करतात. तरीही बरेच गट एकाच प्रकारच्या खड्ड्यांत पडतात. त्यांपैकी एका गटाची हकीकत येथे जरा सविस्तर सांगते, कारण तिच्यात जवळजवळ सगळ्या चुका एकत्र आल्या होत्या.

दादरमधील कोल्हापुरी पद्धतीच्या चपलांच्या एका व्यापाऱ्याने प्रश्न दिला होता, "जर्मनीत आमची ऑनलाइन विक्री कशी वाढवावी?" गटात मुंबईचे तिघे, म्युनिकचा एक आणि साओ पावलोची एक विद्यार्थिनी होती. सहाव्या आठवड्यात त्यांनी दुकानात बसून लॅपटॉपवर चाळीसेक स्लाइड दाखवल्या. पहिल्याच स्लाइडवर जून २०२५ मध्ये प्राडाने मिलानच्या फॅशन शोमध्ये कोल्हापुरीसारखी चप्पल दाखवल्याचा उल्लेख होता, पुढे जर्मनीची लोकसंख्या, दरडोई उत्पन्न, समाजमाध्यमांवरील जाहिरातींचा आराखडा वगैरे. मालकांनी सगळे शांतपणे ऐकून घेतले. मग नोकराला सांगून त्यांनी पोटमाळ्यावरून एक पोते खाली काढायला लावले. त्यात परत आलेली खोकी होती. "अगं, जर्मनी मोठं मार्केट आहे हे मला ठाऊक आहे," ते गटातल्या मुंबईच्या मुलीला म्हणाले, "ही खोकी परत का येतात, तेवढं मला सांग."

तिने एक खोके उघडले. आत कागदात गुंडाळलेली, जेमतेम एकदा पायात घातलेली चप्पल होती आणि एका चिठ्ठीवर पेनाने दोन जर्मन शब्द लिहिले होते. तिने फोटो काढून म्युनिकच्या विद्यार्थ्याला पाठवला आणि मिनिटभरात उत्तर आले: "त्सू क्लाइन", म्हणजे फार लहान. पोत्यातल्या बहुतेक चिठ्ठ्यांचा अर्थ तोच निघाला. ही चिठ्ठी वाचू शकणारा मुलगा सहा आठवडे गटात होता आणि ती चिठ्ठी हाताला लागू शकेल असे तिघे दादरपासून अर्ध्या तासाच्या अंतरावर राहत होते.

चूक पहिली: दिलेला प्रश्न तसाच उचलणे

व्यापारी प्रश्न सांगतो तो बहुतेक वेळा त्याला सुचलेल्या उपायाच्या रूपात असतो. "विक्री कशी वाढवावी" या वाक्यामागे परत येणारा माल, अडकलेले पैसे किंवा कस्टम्समध्ये थांबलेली पार्सले असू शकतात. म्हणून पहिल्या दहा दिवसांत स्लाइड करूच नयेत. दुकानात किंवा गोदामात जावे, मागील वर्षभराच्या परदेशी ऑर्डरींची फाइल मागावी आणि एका ऑर्डरीचा प्रवास पैसे आल्यापासून माल पोहोचेपर्यंत, किंवा परत येईपर्यंत, तारखांसह कागदावर मांडावा. "काका, शेवटची बिघडलेली ऑर्डर कोणती?" या एका प्रश्नाने जेवढे कळते तेवढे दहा अहवाल वाचून कळत नाही. मालक ती लगेच सांगतात, कारण ती त्यांच्या मनाला लागलेली असते.

चूक दुसरी: कामाची वाटणी विषयवार करणे

एकाने मार्केटिंग, एकाने फायनान्स, एकाने कायदे, अशी वाटणी अभ्यासक्रमाच्या पुस्तकांवरून आपोआप होते आणि दिसायला न्याय्यही वाटते. तिच्यामुळे नुकसान असे होते की म्युनिकचा मुलगा मुंबईतून कोणालाही करता आला असता असा ताळेबंद करीत बसतो आणि मुंबईची मुलगी जर्मन ग्राहकाच्या आवडीनिवडीवर अंदाजाने लिहिते. मला स्वतःला या सगळ्या चुकांमध्ये ही सर्वांत महाग वाटते, कारण गट वेगवेगळ्या देशांतील मुलांचा करण्याचे कारणच तिने नाहीसे होते.

वाटणी जागेनुसार करावी. कोण कोणती गोष्ट प्रत्यक्ष पाहू शकतो, हातात घेऊ शकतो, मातृभाषेत विचारू शकतो, हे आधी लिहून काढावे. दादरच्या गटाने पोते उघडल्यावर तसे केले. मुंबईच्या तिघांनी चपला मोजल्या आणि त्यांच्या लक्षात आले की खोक्यावर छापलेला युरोपीय नंबर एका जुन्या तक्त्यावरून घेतला आहे आणि तळाच्या सेंटिमीटरमधील लांबीशी त्याचा मेळ बसत नाही. म्युनिकचा विद्यार्थी तेथील दोन दुकानांत जाऊन ग्राहक सँडलमध्ये बोटांपुढे किती जागा ठेवतात ते विचारून आला. साओ पावलोच्या विद्यार्थिनीने विचारलेला प्रश्न तर आमच्यापैकी कोणालाच सुचला नव्हता: "नवी चप्पल टोचते, हे तुम्ही ग्राहकाला आधी का सांगत नाही?" आपल्याकडे नवी कोल्हापुरी चावते, तिला तेल लावायचे, आठवडाभर घरात घालून सैल करायची, हे शाळकरी पोरालाही ठाऊक असते. जर्मन ग्राहकाला ते कोण सांगणार? त्याने ती घातली, अंगठ्याला टोचली, नंबर लहान समजून परत केली.

चूक तिसरी: मालाचा कोड आणि आकडेवारी तपासून न घेणे

आंतरराष्ट्रीय व्यापाराची जवळजवळ सगळी आकडेवारी एचएस कोडवर, म्हणजे प्रत्येक प्रकारच्या मालाला दिलेल्या ठरावीक क्रमांकावर, उभी असते. त्याचे पहिले सहा अंक जगभर समान असतात आणि भारतात ते आठ अंकांपर्यंत वाढवलेले आहेत. गटाने आधी ६४०२ हा शीर्षक-कोड घेतला होता, जो रबर किंवा प्लास्टिकच्या पादत्राणांचा आहे. म्हणजे त्यांचे आलेख रबरी स्लिपरांचे होते. चामड्याचा तळ आणि पायाच्या वरून व अंगठ्याभोवती जाणारे चामड्याचे पट्टे अशा पादत्राणांसाठी ६४०३ २० असा स्वतंत्र उपविभागच आहे, आणि त्याचे वर्णन वाचताना कोल्हापुरी डोळ्यांसमोर उभी राहते. यात आणखी एक बारकावा आहे. परदेशी पावसाळी रस्त्यांसाठी काही कारागीर आता खाली रबरी तळ लावतात. असा तळ लावला की ती चप्पल ६४०३ २० मधून बाहेर पडते आणि कोड बदलला की शुल्काचा दरही बदलू शकतो. त्यामुळे "तळ कशाचा?" हा प्रश्न कारागिराला विचारल्याखेरीज कोड लिहू नये आणि लिहिल्यावर तो दुकानाच्या कस्टम्स एजंटला दाखवून घ्यावा.

आकडे बरोबर कोडचे असले तरी ते जसे दिसतात तसे नसतात. नेदरलँड्स आणि संयुक्त अरब अमिराती हे देश अनेक वस्तूंचे मोठे आयातदार दिसतात, कारण रॉटरडॅम आणि जेबेल अली येथे उतरलेला बराच माल पुढे दुसऱ्या देशांत जातो. त्या आकड्यांना तेथील खप समजणे चूक आहे. भारताची निर्यात एफओबी किमतीने, म्हणजे माल आपल्या बंदरात जहाजावर चढेपर्यंतच्या किमतीने, नोंदवली जाते, तर समोरचा देश आयात बहुधा सीआयएफ किमतीने, म्हणजे भाडे आणि विमा धरून, नोंदवतो. आपले आर्थिक वर्ष एप्रिलमध्ये सुरू होते, त्यांची आकडेवारी जानेवारीपासून धरलेली असते. दोन तक्ते जुळत नाहीत म्हणून घाबरून एखादा तक्ता फेकून देणारे गट मी पाहिले आहेत. तफावतीचे कारण एका ओळीत लिहिले की काम पुढे जाते.

चूक चौथी: वजनकाट्यावरील वजन धरून भाडे काढणे

हवाई मालवाहतुकीत प्रत्यक्ष वजन आणि आकारमानावरून काढलेले वजन यांपैकी जे जास्त असेल त्यावर भाडे लागते. सर्वसाधारण हिशेब असा की लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये घेऊन गुणाकार करायचा आणि त्याला ६००० ने भागायचे. कुरिअर कंपन्या बहुधा ५००० ने भागतात, म्हणजे वजन आणखी वाढते. दादरचे खोके ३६ × २४ × १२ सेंटिमीटरचे होते. गुणाकार १०,३६८ येतो आणि ६००० ने भागल्यावर सुमारे १.७३ किलो. गटाने चपलेचे ७०० ग्रॅम धरून नफा काढला होता. खोके लहान केले असते तर जेवढे पैसे वाचले असते, तेवढेच त्यांनी जाहिरातींवर खर्च करायला सुचवले होते.

त्यातच युरोपीय संघात ऑनलाइन खरेदी केलेली वस्तू कारण न देता १४ दिवसांत परत करण्याचा हक्क ग्राहकाला आहे, आणि जर्मनीत चपलांवर १९ टक्के मूल्यवर्धित कर लागतो. परतीचे भाडे किमतीत धरलेले नसेल तर प्रत्येक परत आलेले खोके दोन-तीन विकलेल्या खोक्यांचा नफा खाते. सगळा हिशेब एका जोडीचा करावा, शेकड्याचा करू नये. एका जोडीच्या हिशेबात काहीही लपत नाही.

चूक पाचवी: नियम शेवटच्या आठवड्यासाठी ठेवणे

१३ डिसेंबर २०२४ पासून युरोपीय संघात सर्वसाधारण ग्राहकोपयोगी वस्तूंच्या सुरक्षेचे नवे विनियमन लागू झाले आहे आणि त्यानुसार बाहेरून येणाऱ्या वस्तूसाठी संघातच राहणारी एक जबाबदार व्यक्ती किंवा संस्था असावी लागते, तिचे नाव-पत्ता वस्तूवर किंवा वेष्टनावर द्यावा लागतो. त्वचेला लागणाऱ्या चामड्यात षट्संयुजी क्रोमियमचे (क्रोमियमच्या अपायकारक रूपाचे) प्रमाण किलोमागे ३ मिलिग्रॅमच्या आत असावे, हा नियम मे २०१५ पासूनचा आहे. बाभळीची साल आणि हिरडा वापरून पारंपरिक पद्धतीने कमावलेल्या कातड्यात क्रोम नसतो, पण बाजारातले स्वस्त क्रोम लेदर, म्हणजे क्रोमियमचे क्षार वापरून कमावलेले चामडे, त्यात कुठे मिसळले आहे का, हे कारागिराकडून आणि गरज पडल्यास प्रयोगशाळेतून पाहून घ्यावे लागते.

कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन, म्हणजे ठरावीक प्रदेशातील मालालाच ते नाव लावण्याचे संरक्षण, मिळाले. ते महाराष्ट्रातील कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातील चार जिल्ह्यांपुरते आहे. माल तेथून येतो की मुंबईतच बनतो, हे विचारण्याआधीच गटाने "अस्सल कोल्हापुरी" असे शब्द घालून जर्मन जाहिरात लिहून ठेवली होती. आणि नियम प्रकल्प चालू असतानाही बदलतात. ऑगस्ट २०२५ च्या अखेरीस अमेरिकेने ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलांना असलेली शुल्कमाफी थांबवली, तेव्हा अमेरिकेवर बेतलेले प्रकल्प एका रात्रीत जुने झाले. प्रत्येक नियमाशेजारी तो कोणत्या तारखेला तपासला ते लिहावे.

गट गप्प का होतो?

चौथ्या-पाचव्या आठवड्यात एखादा सदस्य उत्तरे देईनासा होतो आणि बाकीचे त्याला कामचुकार ठरवून मोकळे होतात. काही जण खरोखरच अंग चोरतात, परंतु बहुतेक वेळा कारण साधे असते. मुंबईच्या संध्याकाळी साडेसहा वाजता साओ पावलोत सकाळचे दहा आणि म्युनिकमध्ये उन्हाळ्यात दुपारचे तीन वाजलेले असतात, म्हणून ही वेळ सर्वांना सोयीची वाटते. मुंबईची मुले मात्र त्या वेळी कल्याण लोकलमध्ये दाराशी उभी असतात आणि अर्धी बैठक आवाजाशिवाय जाते. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी जर्मनीतली घड्याळे तासभर मागे जातात, आपली जात नाहीत, आणि त्या सोमवारी कोणीतरी हमखास चुकीच्या वेळी हजर होतो. बैठकीची वेळ नेहमी तिन्ही शहरांच्या घड्याळात लिहावी. गणपतीचे दिवस, जर्मन परीक्षा, ब्राझीलचा कार्निव्हल हे सगळे पहिल्याच दिवशी एका तक्त्यात मांडावे.

भाषेचीही एक गोष्ट आहे. आपण "बघतो", "होऊन जाईल" असे म्हणतो, तेव्हा आपल्या माणसाला त्यातली अनिश्चितता बरोबर कळते. तेच इंग्रजीत गेले की समोरचा त्याला वचन समजतो आणि गुरुवारी काम न मिळाल्यावर दुखावतो. काम, नाव, तारीख आणि वार एवढे लिहून घ्यावे. न जमल्यास एक दिवस आधी कळवावे.

आकडे लिहिण्यातही गोंधळ होतो. जर्मनी आणि ब्राझील या दोन्ही देशांत हजारांसाठी टिंब आणि दशांशासाठी स्वल्पविराम वापरतात, त्यामुळे त्यांचे १.२५० म्हणजे साडेबाराशे. आपले १,२५,००० पाहून तेही चक्रावतात. सामायिक तक्त्यात एकच पद्धत ठरवावी आणि रकान्याच्या वर चलन लिहावे.

अहवाल कोणासाठी?

परीक्षकांसाठी इंग्रजी अहवाल द्यावाच लागतो. दादरच्या गटाने शेवटी त्याबरोबर मालकांसाठी मराठीत एक पान केले. त्यावर चार गोष्टी होत्या: प्रत्येक नंबरासमोर तळाची लांबी सेंटिमीटरमध्ये, लहान खोक्याचे माप, जर्मन भाषेतील एक छोटे कार्ड ज्यात नवी चप्पल कशी सैल करावी ते सांगितले होते, आणि ग्राहकाने कागदावर पाऊल ठेवून पेन्सिलने आखावे व फोटो पाठवावा ही सूचना. मालकांनी ते पान गल्ल्याच्या काचेखाली सरकवले आणि पुढच्या ऑर्डरीचे खोके भरायला घेताना मुलाला हाक मारून म्हणाले, "पट्टी आण रे, आधी मोजून घेऊ."