आठवी-नववीच्या पोरांचं नाटक बसवायचंय? मग झेरॉक्स वाटू नका, आधी त्यांना ऐकायला शिकवा

गॅदरिंगचं नाटक म्हटलं की बऱ्याच शाळांत एकच प्रकार चालतो. दिवाळीची सुट्टी संपली की कोणीतरी छापील एकांकिका आणतं, तिच्या झेरॉक्स वाटल्या जातात, चार दिवसांत पाठ करून या म्हणून सांगतात, आणि मग तालमीत मुलं आपलं वाक्य येईपर्यंत नुसती उभी. मी पण पहिल्या वर्षी असंच बसवलं होतं. प्रयोगाच्या दिवशी एका मुलाने मधलं एक वाक्य गाळलं आणि समोरची मुलगी तशीच थांबली, तिला स्वतःचं सगळं तोंडपाठ होतं पण ती महिनाभर त्याच्या वाक्याचा फक्त शेवटचा शब्द ऐकत होती, तो शब्द आला नाही तर पुढे काय बोलायचं हे तिला कळेचना. अख्खं सभागृह शांत, आणि तिच्या डोळ्यांत पाणी. चूक तिची नव्हती हो, बसवण्याची होती. तेव्हापासून माझं पक्कं मत आहे की शाळेतल्या नाटकात मुलं बोलायला शिकतात हे खरंच, पण त्याच्याआधी ती समोरच्याचं ऐकायला शिकतात, आणि तेच हातात राहिलं पाहिजे.

तर सुरुवात दिवाळीच्या सुट्टीआधीच करा. आठवड्याला तीन तासिका, ३५ मिनिटांच्या, असे आठ आठवडे धरले तरी २४ तासिका होतात, म्हणजे फक्त १४ तास, त्यामुळे उशीर परवडत नाही.

पहिले दोन आठवडे स्क्रिप्ट आणूच नका. बेंच भिंतीला लावा आणि गोलात बसवा. एक खेळ आहे, सगळ्यांनी मिळून १ ते २० मोजायचं, कोण कधी बोलणार ते ठरवायचं नाही, खुणा करायच्या नाहीत, आणि दोघं एकदम बोलले की परत १ पासून. सुरुवातीला ५-६ च्या पुढे गाडी जात नाही, दंगा होतो, होऊ द्या. चौथ्या-पाचव्या दिवशी वर्ग आपोआप शांत व्हायला लागतो कारण प्रत्येक जण दुसऱ्याच्या श्वासाकडे लक्ष देत असतो. दुसरा खेळ भेंड्यांसारखा, गोष्ट पुढे न्यायची पण आधीच्याच्या वाक्यातला शेवटचा शब्द हा तुमचा पहिला शब्द. जी मुलं मनातल्या मनात आधीच वाक्य तयार करून बसतात ती इथे बरोबर अडकतात.

आता आवाज. इथे जरा थांबतो कारण सगळ्यात जास्त घोळ इथेच होतात. मुलाला "मोठ्याने बोल" असं कधी सांगू नका, तो गळ्यातून ओरडतो आणि तिसऱ्या दिवशी घसा बसतो. त्यापेक्षा त्याच्या मित्राला शेवटच्या बेंचवर बसवा आणि म्हणा, हे वाक्य त्याला सांग. एक हात पोटावर ठेवायला सांगा, वाक्याआधी श्वास घेतला की हात बाहेर आला पाहिजे, खांदे वर जाता कामा नयेत. आणि आपल्या मराठीची एक खास अडचण आहे, क्रियापद आणि "नाही" वाक्याच्या शेवटी येतात, आणि श्वास नेमका तिथेच संपतो. "मी उद्या शाळेत येणार नाही" मधला "नाही" गिळला की शेवटच्या रांगेतल्या माणसाला उलटंच ऐकू जातं! म्हणून मी मुलांना पंधरा दिवस फक्त वाक्याचा शेवट उचलायला लावतो. पाठ्यपुस्तकातला कुठलाही नाट्यउतारा घ्या आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटच्या शब्दाखाली पेन्सिलने रेघ मारून मोठ्याने वाचा, फरक आठवड्यात दिसतो. दहावीला भाषा विषयांत २० मार्कांचं अंतर्गत मूल्यमापन असतं, त्यातल्या तोंडी कामात पण हे उपयोगी पडतं, "नाटकाने अभ्यास बुडेल" म्हणणाऱ्या पालकांना हे जरूर सांगा.

मग गोष्ट. राजा-राक्षसांच्या नाटकाची मजा आहेच, सुधा करमरकरांनी १९५९ मध्ये लिटल थिएटर सुरू केलं तेव्हापासून आपल्याकडे मुलांसाठी देखणी नाटकं होत आलीत. पण तेरा-चौदा वर्षांच्या मुलांना स्वतःचं काहीतरी बोलायचं असतं. बर्लिनचं ग्रिप्स थिएटर मोहन आगाशेंनी ऐंशीच्या दशकात पुण्यात आणलं त्याचं सूत्रच हे की मुलांच्या रोजच्या जगण्यातले प्रश्न स्टेजवर आणायचे. मुलांना दोनच प्रश्न विचारा, कोणाला काय हवंय आणि ते का मिळत नाहीये. मोबाईल, क्लासची फी, सहलीला परवानगी, धाकट्या भावाला सांभाळायला घरी राहावं लागणं, काय वाट्टेल ते निघतं. चार-चार जणांचे गट करा, दहा मिनिटं द्या आणि करून दाखवायला लावा. एकाने कोपऱ्यात बसून ऐकू येईल ते जसंच्या तसं लिहायचं. "जसंच्या तसं" हे महत्त्वाचं. वऱ्हाडी, अहिराणी, मालवणी जे येईल ते राहू द्या, शुद्ध करत बसू नका. एकदा बापाचं काम करणारा मुलगा स्क्रिप्टमध्ये "मी पैसे कुठून आणू" असं वाचायचा तेव्हा लाकडासारखा वाटायचा, तेच "आरं पैसं काय झाडाला लागत्यात व्हय" असं स्वतःच्या बोलीत म्हणाला आणि सगळा वर्ग एकदम गप्प झाला.

५ नोव्हेंबरला मराठी रंगभूमी दिन असतो, १८४३ मध्ये विष्णुदास भाव्यांनी सांगलीत सीतास्वयंवर केलं त्याची आठवण म्हणून. त्या दिवशी शाळा सुरू असेल तर तयार झालेल्या संहितेचं पहिलं वाचन दुसऱ्या एखाद्या वर्गासमोर करा, सुट्टी असेल तर सुट्टीनंतर लगेच. कुठे पोरं चुळबुळ करतात ते वहीत मांडा आणि तिथे कात्री लावा. २० मिनिटांच्या वर नाटक जाऊ देऊ नका.

हालचालींवर फार वेळ घालवू नका. खडूने जमिनीवर स्टेजच्या मापाचा चौकोन आखा, एकाने दुसऱ्याला झाकायचं नाही आणि कारणाशिवाय हलायचं नाही, एवढं पाळलं तरी बास.

ज्यांना स्टेजवर जायचंच नाही त्यांना "पडदा ओढ" म्हणून बाजूला टाकू नका. प्रॉपर्टीची, म्हणजे नाटकात लागणाऱ्या वस्तूंची, यादी सांभाळणारा, टेबल-खुर्ची अंधारात लावणारे, आणि सगळ्यात अवघड काम प्रॉम्प्टिंगचं, म्हणजे कोणी वाक्य विसरलं की विंगेतून हळूच सांगायचं. माझ्याकडे वर्गात कधीही हात वर न करणारी एक मुलगी प्रॉम्प्टर होती. तिने स्क्रिप्टच्या समासात पेन्सिलने छोटे गोल केले होते, विचारलं तर म्हणाली, "सर, इथे तो थांबतो, विसरत नाही." प्रयोगात तो मुलगा तिथेच थांबला, विंगेत सगळे तिच्याकडे बघायला लागले, तिने नुसता हात वर करून त्यांना गप्प केलं आणि तीन आकडे मोजेपर्यंत तो बोलला.

प्रयोग झाला की दुसऱ्या दिवशीची तासिका सोडू नका. कसं झालं असं विचारलं की सगळी "मस्त" म्हणतात, त्यात काही मिळत नाही. प्रत्येकाला एवढंच विचारा की काल तुझ्या समोरच्याने तालमीपेक्षा काय वेगळं केलं. जो नेमकं सांगतो, "तिने ग्लास जरा उशिरा ठेवला म्हणून मी पण थांबलो", त्याचं नाव वहीत लिहून ठेवा, पुढच्या वर्षी मोठं काम त्यालाच द्यायचं.